झेल्यात सापडलेला ड्रोन

ड्रोन माझ्यासमोर आला तो आंबे उतरवायच्या झेल्यासकट. बांबू कापून टाकलेला होता. टोकाची जाळी मात्र तशीच होती आणि तिच्यात ड्रोनचे चारही पंखे गुंतून बसले होते.

"जाळी सोडवली का नाही?" मी उपनिरीक्षकांना विचारले.

"बाईंनी सांगितलं, पुराव्याला हात लावायचा नाही."

"कोण बाई?"

"मी," दारातून आवाज आला.

उपनिरीक्षक खुर्चीतून उठून उभे राहिले. मागचा हवालदारही उभा राहिला. बोर्ली पंचतनच्या परिसरातल्या दोन पिढ्यांना गणित शिकवून बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि या पोलीस ठाण्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या वर्गात कधी ना कधी अंगठे धरलेले होते. इथे तक्रारदार त्या होत्या, आणि वर्गशिक्षिकाही त्याच.

मी अलिबागच्या एका खासगी डिजिटल फॉरेन्सिक लॅबमध्ये काम करते. फोन, संगणक, कॅमेरे यांच्या पोटातली माहिती जशी आहे तशी बाहेर काढायची आणि तिचा अर्थ लावायचा, हे आमचे काम. शिक्षण भौतिकशास्त्रातले. सरकारी प्रयोगशाळांत रांग मोठी असते, म्हणून पोलीस कधी कधी आमच्याकडून प्राथमिक तांत्रिक मत घेतात. त्यासाठीच मी सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरून इथवर आले होते. निघताना लॅबच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, फोनवर एवढेच बजावले होते, "मत एका परिच्छेदात. निबंध नको."

तक्रार सरळ होती. शेजारच्या वाडीत लग्न होते. नवरदेवाचे वऱ्हाड निघाले त्या वेळी फोटो स्टुडिओवाला तेजस ड्रोन उडवत होता. थोड्या वेळाने तोच ड्रोन बाईंच्या परसात, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत, वरून सरळ खाली उतरू लागला. कॅमेरा चालू होता. बाई परसात एकट्याच होत्या. त्यांनी भिंतीला टेकवलेला झेला उचलला आणि ड्रोन हवेतच धरला.

"पहिल्याच झटक्यात?" मी विचारले.

"हापूस याहून वर असतो," बाई म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे असे, की तेजसने मुद्दाम त्यांचे खासगी चित्रण केले. त्यांना गुन्हा नोंदवून हवा होता आणि ते चित्रण ताबडतोब नष्ट करून हवे होते. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार काही ठरावीक गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी छोटी प्राथमिक चौकशी करता येते. ती चालू होती आणि माझे मत त्या चौकशीचा कणा ठरणार होते.

तेजस बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याची उरणकडच्या एका सर्व्हे कंपनीत ड्रोन पायलट म्हणून निवड झाली होती. न्हावा शेव्याच्या परिसरातली गोदामे आणि रस्ते वरून मोजायचे काम. आता फक्त पोलीस पडताळणी बाकी होती, आणि स्त्रीचे चोरून चित्रण केल्याचा गुन्हा अंगावर असलेल्या माणसाच्या हाती कोणती कंपनी कॅमेरा देईल?

"मॅडम, आईशपथ, मी बाईंकडे बघायची पण हिंमत करत नाही," तो म्हणाला. "सातवीला त्याच होत्या मला. शूट कुठून करणार?"

"मग ड्रोन तिकडे कसा गेला?"

"तेच तर! मी बॅटरी लो म्हणून परत बोलावला. माझ्याकडे यायचा सोडून तो बाईंकडे गेला. मला काय माहीत, त्याला काय सुचलं!"

ड्रोनला काही सुचत नसते. तिथूनच मी सुरुवात केली.

पहिली अडचण मात्र तांत्रिक नव्हती, कायद्याची होती. बाईंना चित्रण आत्ताच्या आत्ता पुसून हवे होते. तेजसला त्याची प्रत हवी होती.

"व्हिडिओ मला द्या, मी सगळ्यांना दाखवतो, की त्यात वाईट काही नाहीये," तो म्हणाला.

"दाखव तर खरं," बाई म्हणाल्या. "सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. माझं परस आहे ते, गावदेवीचं मैदान नव्हे."

दोघांचेही बरोबर होते. चित्रण पुसले तर तेजसच्या बाजूचा पुरावा जातो. प्रत दिली तर ती जेवणाच्या आधी गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचते. यावर न्यायालयांनी एक मधली वाट घालून दिली आहे. मेमरी कार्डातला मजकूर हा कायद्याच्या दृष्टीने दस्तऐवजच असतो. पण त्यात कुणाच्या खासगीपणाचा प्रश्न गुंतला असेल, तर आरोपीला प्रत न देता केवळ पाहणीची मुभा देता येते, तीही तज्ज्ञामार्फत. अर्थात तो निकाल चालू खटल्यातला होता आणि इथे खटला सुरूही झाला नव्हता. तरी त्यामागचा विचार इथे लागू पडत होता.

मी प्रस्ताव मांडला. कार्ड मी सील करीन. मूळ फाइलचा हॅश काढीन. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. चित्रणातला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. चित्रण फक्त मी पाहीन, एकदाच, आणि तेही कॅमेरा हलवला गेला होता का, एवढेच तपासायला. प्रत कुणालाही मिळणार नाही.

"पोलिसांनाही नाही?" बाईंनी विचारले.

उपनिरीक्षकांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. "मला नकोच आहे, बाई."

बाईंनी थोडा विचार केला. मग आवाज खाली आणून मला विचारले, "त्यात आवाज येतो का?"

"नाही. हा ड्रोन आवाज नोंदवत नाही. पंख्यांच्या घरघरीपुढे काही ऐकूच येणार नाही."

"मग ठीक आहे. बघा."

तेजसनेही मान डोलावली. मी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि दार लावून घेतले.

चित्रण पाहून झाल्यावर मी दोन वाक्ये लिहिली. खाली उतरताना कॅमेऱ्याचा कोन एकदाही बदललेला नाही. कोणत्याही व्यक्तीचा माग काढलेला नाही. बाकी जे दिसले ते माझ्या कामाशी संबंधित नव्हते.

त्यानंतर फ्लाइट लॉग उघडला. उडत असताना ड्रोन सतत स्वतःची नोंद ठेवत असतो: आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, किती उपग्रह दिसत आहेत, आणि रिमोटच्या दांड्या कुणी हलवल्या का. माझ्या दृष्टीने हा सर्वांत सभ्य साक्षीदार. तो चित्रे दाखवत नाही, फक्त आकडे बोलतो.

आकड्यांनी सांगितले ते असे. बाईंच्या परसाकडे जाताना आणि उतरताना रिमोटच्या दांड्या मधोमध स्थिर होत्या. ड्रोन 'रिटर्न टू होम'वर होता, म्हणजे बॅटरी संपत आली की आपोआप घरी परतण्याची सोय. ते घर, म्हणजे होम पॉइंट, तो उड्डाणाच्या सुरुवातीला, पुरेसे उपग्रह दिसले की, स्वतःच लक्षात ठेवतो. या ड्रोनने लक्षात ठेवलेले घर बाईंच्या परसात होते.

मी बाहेर येऊन हे सांगितले. तेजसचा चेहरा खुलला. बाईंचा नाही.

"एक शंका," त्या म्हणाल्या. वर्गात मुलाने उत्तर बरोबर आणून रीत चुकवली, की त्या याच स्वरात बोलत असाव्यात. "घर म्हणून त्यानं माझं परस मुद्दाम निवडलं नसेल कशावरून? आधीच ठरवून ठेवायचं, आणि मग म्हणायचं, आपोआप गेला."

शंका उत्तम होती. होम पॉइंट हाताने बदलताही येतो. मी पुन्हा लॉगमध्ये गेले. इथे नोंद आपोआप झाली होती. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. तेजसने उड्डाण लग्नघराच्या मांडवातून केले होते, मग नोंद शेजारच्या वाडीवर कशी झाली? पहिल्या काही क्षणांत ड्रोन वर चढता चढता बाजूला सरकत गेला होता. दांडी फक्त 'वर' होती. 'बाजूला' कुणीच म्हटले नव्हते.

असे एरवी होत नाही. उपग्रह दिसत नसले तरी ड्रोनच्या पोटाला दोन छोटी भिंगे असतात. त्यांतून तो खालची जमीन पाहतो आणि एका जागी टिकून राहतो. मी जाळी कापून ड्रोन उलटा केला.

दोन्ही भिंगांवर काळा थर होता.

"हे मी पंचनाम्यात घेतलंय," उपनिरीक्षक उत्साहाने म्हणाले. "काळा, तेलकट पदार्थ. सेन्सर मुद्दाम निकामी केल्याचा संशय. लोक करतात म्हणे असं."

खरे सांगायचे तर मलाही क्षणभर तसेच वाटले. दोन्ही भिंगे, नेमकी तेवढीच, गोल आणि काळजीपूर्वक माखलेली. चिखल असता तर पसरला असता, ग्रीस असते तर इतरत्रही लागले असते. हे हाताने, बोटाच्या टोकाने केलेले काम होते. मी तेजसकडे पाहिले.

"मी नाही केलं, मॅडम. खालून कोण बघतं? मी वरचा कॅमेरा पुसतो फक्त."

"कुणी तरी केलंय. उडण्याआधी ड्रोन कुणाच्या हातात होता?"

"कुणाच्याच... म्हणजे, पूजेला ठेवला होता ना."

"कशाच्या पूजेला?"

तो ओशाळला. "वऱ्हाड निघायच्या आधी नारळ फोडतात. गाडीची पूजा झाली, घोडीची झाली. मग नवरदेवाची आत्या म्हणाली, हा पण पुढं जाणार, याची पण करा. पाटावर ठेवला. मी बँडवाल्यांशी बोलत होतो."

मी कापसाच्या बोळ्यावर थोडा थर घेतला आणि लॅपटॉपला जोडायच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बारीक काजळी आणि तूप. कोणत्याही कारखान्यात असे मिश्रण बनत नाही.

"बाई," मी म्हणाले, "तुमच्या शेजारी जायला हवं. तुम्हीही चला."

लग्नघर अजून आवरले नव्हते. मांडव सुपारीच्या झाडांच्या दाटीत घातलेला होता आणि वर पाहिले तर आभाळाचे तुकडेच दिसत होते. तिथे उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत. शेजारी, कुंपणापलीकडे, बाईंच्या विहिरीवर मात्र झाडांच्या झापांमध्ये, म्हणजे झावळ्यांमध्ये, मोठी फट होती आणि तिथून ऊन थेट खाली येत होते. जिथे ऊन उतरते तिथेच उपग्रहही दिसतात. अर्धे उत्तर माझ्या डोक्यावरच होते.

आत्या ओट्यावर उरलेले लाडू डब्यात भरत बसल्या होत्या. पोलिसांना पाहून त्या जराही दचकल्या नाहीत. आधी प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवला.

"आत्या," मी विचारले, "ड्रोनची पूजा तुम्ही केली?"

"मीच केली. का? काय बिघडलं काय त्याचं?"

"पोटाला काही लावलं होतं?"

"पोटाला कशाला लावू? डोल्यांना लावलं." त्यांनी दोन बोटांनी हवेत दोन टिकल्या काढून दाखवल्या. "दोन इवलाले डोले हायेत त्याचे खाली. नवऱ्या मुलाला काजल घातलं, करवलीला घातलं, म्हटलं हा बी आपल्याबरोबर निघालाय, याला उघड्या डोल्यांनी कसा धाडायचा? एवढ्या मानसांची नजर लागंल. घरचं काजल हाय, तुपातलं. पोरांच्या डोल्यांना चालतं, त्याला न्हाय चालत काय?"

मग उपनिरीक्षक खोकल्यासारखे काही तरी करू लागले. तेजसने कपाळावर हात मारला. "आत्ये! आंधळा केलास त्याला!"

"आंधला झाला तर बाईंच्या घरी बरा गेला," आत्या म्हणाल्या. "गावात सगली आंधली लेकरं तिथंच शिकली."

बाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

पण मला हसून चालणार नव्हते. आत्यांचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. मी करवलीला बोलावले आणि पूजेच्या वेळी कुणी मोबाइलवर चित्रण केले होते का, ते विचारले. तिनेच केले होते. पाटावर उलटा ठेवलेला ड्रोन, आत्यांचे बोट, काजळ, आणि लगेच वरून पडणाऱ्या अक्षता, सगळे स्वच्छ दिसत होते. तेजस चौकटीच्या कडेला पाठमोरा उभा राहून ढोलवाल्याला हातवारे करत होता.

साखळी जुळली. काजळाने भिंगे झाकली. खालची जमीन दिसेना. झाडांखाली उपग्रहही दिसेनात. ड्रोन वर चढताना खाऱ्या वाऱ्याने कुंपणापलीकडे ढकलला गेला. विहिरीवरच्या फटीत त्याला एकदम आभाळ दिसले, उपग्रह सापडले, आणि त्याने ती जागा घर म्हणून लक्षात ठेवली. मग वऱ्हाडामागे रस्त्यापर्यंत उडून, बॅटरी संपत आल्यावर, तो इमानाने 'घरी' परतला. सेन्सरच्या सूचना तेजसच्या स्क्रीनवर आल्या होत्या, पण ढोल वाजत असताना त्याने त्या वाचल्या नाहीत. हा निष्काळजीपणा होता. हेरगिरी नव्हे.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. "रीत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता एकच. ते चित्रण आणखी कुठे नाही ना? त्याचा फोन बघा."

हा प्रश्न योग्य होता, आणि याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. ड्रोनचे ॲप रिमोटला लावलेल्या फोनवर चित्रणाची हलकी प्रत आपोआप साठवते. पुष्कळ चालकांनाही हे माहीत नसते.

"बघता येईल," मी म्हणाले, "पण तो राजी असेल तर. नाहीतर पोलिसांना कायद्याची रीतसर वाट धरावी लागेल. फोनच्या पासवर्डबाबत न्यायालयांची मते अजून एकसारखी नाहीत. पण नुसत्या संशयावरून कुणाचा फोन असाच उघडायचा नसतो, एवढे नक्की."

"का नाही? चित्रण माझं आहे."

"फोन त्याचा आहे, बाई. तुमचं परस तसा त्याचा फोन."

बाई कुंपणापलीकडे आपल्या विहिरीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या निकालाच्या जोरावर मी त्याला पकडलं, त्याच निकालामागे तो उभा राहू शकतो?"

"हो. तोच निकाल आणि तोच अधिकार."

"हं." त्यांनी तेजसकडे मोर्चा वळवला. "तेजस, तू नाही म्हणू शकतोस. मी रागावणार नाही."

तेजसने आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य बाईंच्या तोंडून ऐकले असावे. त्याने फोन लगेच पुढे केला. "बघा मॅडम. फक्त ड्रोनचं ॲप. गॅलरी उघडू नका, प्लीज."

"गॅलरीत काय आहे?" आत्यांनी विचारले.

"आत्ये, तू लाडू भर!"

मी लेखी संमती घेतली आणि त्यात 'फक्त ड्रोनचे ॲप' हे शब्द स्पष्ट लिहिले. हलकी प्रत तिथे होती. एकदाही उघडलेली नव्हती, कुणाला पाठवलेली नव्हती. तेजसला ती असल्याचा पत्ताच नव्हता. गॅलरी मी उघडली नाही.

ठाण्यात परतून मी मत लिहिले. एका परिच्छेदात. चित्रण हेतुपुरस्सर केल्याचे कोणतेही तांत्रिक लक्षण नाही. ड्रोनचे परतणे आपोआप झालेले आहे. सेन्सर झाकले जाण्याचे कारण निष्पन्न झालेले आहे. काजळाला मी 'घरगुती, तूपमिश्रित काजळी' असे म्हटले. बाईंनी तो परिच्छेद वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, आणि गुन्हा नोंदवण्याचा आग्रह सोडत असल्याचे लिहून दिले. तेजसला मात्र उड्डाणापूर्वीच्या तपासणीची सर्व पावले मोठ्याने म्हणून दाखवावी लागली. तो दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बाईंनी सोडला.

राहिले चित्रण पुसणे. नको असलेली माहिती पुसून मिळण्याच्या अधिकाराबाबत आपल्याकडे कायद्याचा रस्ता अजून पूर्ण बांधून झालेला नाही. वेगवेगळी न्यायालये वेगवेगळी पावले टाकत आहेत. पण इथे रस्त्याची गरजच पडली नाही. चौकशी बंद होताच, वरिष्ठांच्या परवानगीने आणि दोघांच्या लेखी संमतीने, मी कार्डावरची फाइल आणि फोनवरची प्रत बाईंच्या समोर कायमची पुसली. नुसते डिलीट केलेले परत आणता येते, म्हणून त्या जागेवर दुसरी माहिती लिहिली. बाई चष्मा लावून शेवटपर्यंत पाहत होत्या.

तेजसची पडताळणी पुढे पार पडली. तो आता कंटेनरच्या रांगांवरून ड्रोन उडवतो.

त्या संध्याकाळी मी परतीच्या फेरीबोटीसाठी निघाले तेव्हा उपनिरीक्षक जीपपर्यंत सोडायला आले. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "मॅडम, ऑफ द रेकॉर्ड. बाई परसात करत काय होत्या?"

"ते पुसलंय, साहेब."

"कार्डावरून पुसलंय. तुम्ही तर पाहिलंय."

"पाहिलंय."

"मग?"

मी जीपमध्ये बसले आणि दार ओढून घेतले. हाच प्रश्न मला नंतर सरांनी विचारला, लॅबमधल्या सहकाऱ्यांनी विचारला, आणि घरी आईने तर तीन प्रकारे विचारला. एवढ्या चौकशीतून माझ्या कामाबद्दल मला एक गोष्ट कळली. कायदा कार्डावरचे पुसायला लावू शकतो, फोनवरचे पुसायला लावू शकतो. तज्ज्ञाच्या डोक्यातले पुसणारे सॉफ्टवेअर मात्र अजून निघालेले नाही. तिथे तोंड मिटून ठेवणे एवढी एकच मान्यताप्राप्त पद्धत आहे, आणि तिचा कोर्स कोणत्याही विद्यापीठात नाही.